उतारवयातला कोण: कोहेन की डिलन?

दोघांचं तरुणपणीचं काम तुमच्या कानावरून गेलेलं आहे, असं धरून चालतो. साठच्या दशकातली गाणी, तो गिटारवाला काळ, कोण आधी कवी आणि कोण आधी गायक, या वादात पडत नाही. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. कॅनडाचा लेनर्ड कोहेन आणि अमेरिकेचा बॉब डिलन, दोघंही स्वतःची गाणी स्वतः लिहून गाणारे, आणि दोघांनीही वयाची पंचावन्न-साठ वर्षं उलटल्यावर भरपूर काम केलं, आणि त्यातलं बरंचसं उत्तम आहे. मग आधी कुणाचं हाती घ्यावं?

माझे मेहुणे गेल्या वर्षी निवृत्त झाले. हाताशी वेळ, घरात बऱ्यापैकी स्पीकर, शेजारी समजूतदार. त्यांनी फोन करून हेच विचारलं आणि वर अट घातली, "एकाचंच सांगा. दोघंही थोर आहेत वगैरे नको. मला परीक्षेला बसायचं नाहीये." मी बरीच वर्षं दोघांना आलटून पालटून ऐकतो आहे आणि माझ्यापुरता कौल कधीच लागलेला आहे. तरी त्यांना लगेच सांगितलं नाही, कारण कौल ज्या कारणाने लागला ते सांगायला जरा संकोच वाटतो. ते भांडी घासण्याशी संबंधित आहे. येतो त्याच्यावर.

(दोघांनाही मी एकेरीतच बोलावणार आहे. लता, आशा, किशोर म्हणताना आपण कुठे अहो-जाहो करतो?)

आधी पसारा बघू, कारण मेहुण्यांना धास्ती त्याचीच होती. २००१ ते २०१६ या पंधरा वर्षांत कोहेनचे नवे अल्बम आले पाच: 'टेन न्यू साँग्ज', 'डिअर हेदर', 'ओल्ड आयडियाज', 'पॉप्युलर प्रॉब्लेम्स' आणि 'यू वाँट इट डार्कर'. तो गेल्यावर मुलाने, ॲडमने, मागे राहिलेल्या ध्वनिमुद्रणांवरून २०१९ मध्ये 'थँक्स फॉर द डान्स' पुरा केला, तो सहावा. हयातीतले शेवटचे दोन तर छत्तीस-छत्तीस मिनिटांचे. वरणभाताचा कुकर लावला, शिट्ट्या झाल्या, वाफ जिरून झाकण उघडलं, की एक अल्बम संपलेला असतो.

डिलनकडे १९९७च्या 'टाइम आउट ऑफ माइंड'पासून मोजलं तर २०२०पर्यंत दहा. त्यातला एक नाताळच्या गाण्यांचा, एक तीन तबकड्यांचा. 'टाइम आउट'चं शेवटचं गाणं एकटंच साडेसोळा मिनिटं चालतं. 'टेम्पेस्ट'मध्ये टायटॅनिक बुडते ती जवळजवळ चौदा मिनिटं बुडत राहते. शिवाय जुन्या अप्रकाशित ध्वनिमुद्रणांचे जाडजूड संच निघत असतात ते वेगळेच. जन्माची शिदोरी बांधून घ्यायची असेल तर डिलन. एका पावसाळ्यात सगळं ऐकून, त्यातलं आवडतं पुन्हा ऐकून, वर मत बनवायचं असेल तर कोहेन.

हा फरक दोघांच्या स्वभावातच आहे. ऐंशीच्या दशकात दोघं पॅरिसच्या एका कॅफेत बसले होते. डिलनने कोहेनच्या एका गाण्याची तारीफ केली आणि विचारलं, लिहायला किती वेळ लागला? कोहेन म्हणाला, दोन वर्षं. (पुढे त्याने कबूल केलं की खोटं बोललो, जास्तच लागली होती.) मग कोहेनने डिलनला त्याच्या एका गाण्याबद्दल तेच विचारलं. उत्तर आलं, पंधरा मिनिटं. हा किस्सा कोहेन स्वतःच रंगवून सांगायचा. त्याच्या उतारवयातल्या ओळी ऐकताना ती दोन वर्षं जाणवतात. एकही शब्द उचलून बाजूला ठेवता येत नाही. डिलनची पंधरा मिनिटंही जाणवतात, आणि ती टीका नव्हे. पूर आलेल्या नदीत ओंडके, भांडी, कुणाचं छप्पर, सगळं एकदम वाहत येतं, तसं त्याचं लिहिणं. काठावर उभं राहून बघायला मजा येते.

आता पक्षपात उघड करून टाकतो, म्हणजे पुढचं तुम्ही हातचं राखून वाचाल. माझं आजोळ गिरगावातल्या खेतवाडीचं. सत्तरच्या दशकात आम्ही पोरं गल्लीत खेळत असायचो आणि अधूनमधून कुणी गोरा पाहुणा घामाघूम होऊन पत्ता विचारायचा. आम्ही न विचारताच दहाव्या गल्लीकडे बोट दाखवायचो. तिथे निसर्गदत्त महाराज राहायचे. मूळचे सिंधुदुर्गातल्या कांदळगावचे कांबळी, मुंबईत विड्यांचा धंदा केलेले, आणि घरातल्या माळ्यावर बसून अद्वैत सांगणारे. बोलायचे मराठीत. परदेशी मंडळींसाठी त्याचं इंग्रजी करून सांगणाऱ्यांपैकी एक होते रमेश बाळसेकर, बँक ऑफ इंडियातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. महाराज १९८१ मध्ये गेले. पुढे बाळसेकर वॉर्डन रोडजवळच्या आपल्या घरी, गामडिया रोडवर, सकाळी सत्संग घेऊ लागले.

आणि १९९९ मध्ये त्या सत्संगात येऊन बसला लेनर्ड कोहेन. त्याआधी पाच वर्षं तो कॅलिफोर्नियात माउंट बाल्डीच्या झेन मठात होता. १९९६ मध्ये भिक्षूची दीक्षाही घेतली होती. आयुष्यभर मागे लागलेली खिन्नता मठातही सुटली नाही, तेव्हा डोंगर उतरून मुंबईला आला. केम्प्स कॉर्नरजवळच्या एका साध्या हॉटेलात उतरायचा, सकाळी चालत बाळसेकरांकडे जायचा. पुढची तीन-चार वर्षं येत-जात राहिला. या काळात ती खिन्नता हळूहळू विरली, असं त्याने मुलाखतींत सांगितलं आहे. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमची गल्ली आठवली. महाराज माळ्यावर मराठीत बोलले, ते बाळसेकरांनी इंग्रजीत नेलं, आणि वीस वर्षांनी ते एका कॅनडाच्या ज्यू गवयाच्या कानापर्यंत पोचलं. 'टेन न्यू साँग्ज' २००१चा. त्यातला शांतपणा मला जरा ओळखीचा वाटतो. तो आजोळच्या आठवणीने वाटतो की गाण्यात खरोखर आहे, हे मला वेगळं काढून दाखवता येणार नाही.

डिलनची दुसरी खेळी सुरू व्हायला आजारपण कारण झालं असं पुष्कळ जण सांगतात. १९९७च्या मे महिन्यात हृदयाच्या आवरणाला संसर्ग होऊन तो रुग्णालयात होता, आणि सप्टेंबरात 'टाइम आउट ऑफ माइंड' आला, मरणाच्या सावलीतला. जोडी जमते खरी. पण तो अल्बम ध्वनिमुद्रित झाला होता जानेवारीत, आजारपणाच्या आधी. मरण त्याच्या लिहिण्यात आधी आलं, शरीरात नंतर. पुढच्या वर्षी त्याला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं. निर्माता डॅनियल लॅन्वाने त्या अल्बमला जो धुकट, ओलसर आवाज दिला आहे तो डिलनला स्वतःला फारसा रुचला नसावा, कारण पुढचे बहुतेक अल्बम त्याने टोपणनावाने स्वतःच निर्माण केले. मला मात्र तो धुकट आवाज फार आवडतो. डिलनचा एकच अल्बम घ्यायचा तर तोच घ्या. २००६चा 'मॉडर्न टाइम्स'ही चालेल. तो आला तेव्हा डिलन पासष्टचा होता आणि तीस वर्षांनी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला होता.

रंगमंचावरचे दोघं हा तर वेगळाच विषय. कोहेनचे पैसे गेले होते. तो मठात असताना नि नंतरही ज्यांच्या हाती हिशेब होते तिथेच घोटाळा झाला. २००५ मध्ये प्रकरण कोर्टात गेलं, निकाल त्याच्या बाजूने लागला, वसुली झाली नाही. मग २००८च्या मे महिन्यात, त्र्याहत्तराव्या वर्षी, पंधरा वर्षांच्या खंडानंतर तो कॅनडातल्या फ्रेडरिक्टन या लहानशा गावातून दौऱ्यावर निघाला. पोटासाठी सुरू झालेला तो फेरा २०१३च्या डिसेंबरात ऑकलंडला थांबला. रोज तीन-तीन तास. त्या दौऱ्यातल्या लंडनच्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण सहज मिळतं, जरूर ऐका. त्यात तो सांगतो की मागच्या खेपेला इथे उभा होतो तेव्हा साठ वर्षांचा होतो, डोक्यात खुळी स्वप्नं असलेला पोरगा. सभागृह खदखदतं. मीही हसलो. मग दुसऱ्या गावाचं ध्वनिमुद्रण मिळालं, तर तिथेही तोच विनोद, त्याच जागी, तेवढाच दम घेऊन. साथीदार वाजवत असताना टोपी काढून छातीशी धरणं, त्यांच्यातला हाविएर मास तारा छेडत असताना त्याच्यासमोर गुडघ्यावर बसणं, हेही रोजचंच. थोडा विरस झाला. मग लक्षात आलं की हा नाटकाचा प्रयोग आहे. आपल्याकडे एखाद्या नटाचा पाचशेवा प्रयोग बघताना आपण म्हणतो का, की हे वाक्य तर कालच्याच प्रयोगातलं?

डिलनची मात्र मैफल. १९८८च्या जूनपासून तो जवळपास सलग गावोगाव फिरतो आहे. तीन हजारांहून जास्त कार्यक्रम झाले, ऐंशी उलटली तरी दौरे चालू. श्रोत्यांशी गप्पा जवळजवळ नाहीत. गिटार बाजूला ठेवून हल्ली बहुतेक वेळ पियानोवर. आणि गाणं रोज नवं: चाल बदललेली, लय बदललेली, कधी शब्दही. न्यू जर्सीतला माझा भाचा त्याच्या कार्यक्रमाला जाऊन आला. फोन आत जाताना पिशवीत कुलूपबंद. दोन तास अंधारात बसून गाणी ओळखत होतो, म्हणाला. अर्ध्यावर ओळखायचं आणि शेजारच्याकडे बघून मान हलवायची. खूश होता.

आता खरं तर माझ्यासारख्याने इथेच डिलनला मत द्यायला हवं. ख्याल ऐकत वाढलेला माणूस मी. एकच बंदिश रोज वेगळी मांडणं म्हणजे गाणं, हे वडिलांनी कानाला धरून शिकवलेलं. उतारवयातला आवाज ऐकायचीही आपल्याला सवय आहे. मल्लिकार्जुन मन्सूरांचं नाव सगळीकडे झालं तेच मुळी बरंच उशिरा, साठीच्या आगेमागे. कापरा आवाज, सुटलेला सूर, त्यातून मध्येच लखकन पडलेली जागा, हे आपल्या श्रोत्याला समजावून सांगावं लागत नाही. तत्त्वाने बघितलं तर डिलन आपला आणि कोहेन परका. मीही बरीच वर्षं चारचौघांत असंच बोलायचो.

मग २०२०चा मार्च आला. २५ तारखेपासून सगळं बंद. कामाच्या मावशींना आम्हीच सांगितलं की येऊ नका, पगार चालू राहील. घरात वाटणी झाली आणि रात्रीची भांडी माझ्याकडे आली. दोनच दिवसांनी डिलनने काहीही गाजावाजा न करता 'मर्डर मोस्ट फाउल' सोडलं. आठ वर्षांनी त्याचं स्वतःचं नवं गाणं, सतरा मिनिटांचं, केनेडींच्या खुनावर. मी फोन स्टीलच्या पिठाच्या रिकाम्या डब्यात उभा केला (आवाज घुमतो, बघा करून), नळ सोडला आणि पहिलं पातेलं हातात घेतलं.

गाणं सुंदर आहे. पियानो, व्हायोलिनसारखं काहीतरी मागे तरंगतं आहे, ताल जवळजवळ नाहीच. डिलन गातो कमी, सांगतो जास्त. कीर्तनकार उत्तररंगात आख्यान लावतो तसं. उच्चारही स्वच्छ आहेत, उगाच खोटं कशाला बोलू. पण तिसऱ्या-चौथ्या मिनिटापासून नावं सुरू झाली. माणसांची, गाण्यांची, रस्त्यांची, रेडिओ निवेदकांची. वुल्फमन जॅक कोण? ही ओळ कुठल्या गाण्याची? हे नाव केनेडींच्या गाडीतल्या कुणाचं की एखाद्या सिनेमातलं? हाताला कोपरापर्यंत फेस. नळ बंद केला, हात पुसले, फोन डब्यातून काढला, शोधलं, वाचलं, पुन्हा डब्यात ठेवला. तोवर आणखी सहा नावं निघून गेलेली. मागे घेतलं. पुन्हा हात पुसले. त्या रात्री सतरा मिनिटांच्या गाण्याला मला तास लागला, आणि कढई तशीच राहिली ती सकाळी बायकोने दाखवली.

दुसऱ्या रात्री शहाणपणाने कोहेन लावला, 'यू वाँट इट डार्कर'. आधी कितीतरी वेळा ऐकलेला, पण भांडी घासताना पहिल्यांदा. एकही हात पुसावा लागला नाही. शब्द येतात, एकेक करून, मधे भरपूर जागा सोडून, पाटावर बसून वाढल्यासारखे. त्यातही जड संदर्भ आहेत: बायबलातले, ज्यूंच्या प्रार्थनेतले, एक हिब्रू शब्द तर मुख्य गाण्यात पुन्हा पुन्हा येतो. 'हा मी इथे आहे' अशा अर्थाचा, देवाने हाक मारल्यावर अब्राहमने दिलेलं उत्तर. पण तो शब्द माहीत नसतानाही, ज्या प्रकारे तो येतो त्यावरूनच कळतं की हजेरी दिली जाते आहे. अर्थ नंतर, हात कोरडे झाल्यावर शोधला तरी चालतो. गाणं तोवर थांबलेलं असतं.

तेव्हा मला माझ्या तत्त्वातली खोट सापडली. ख्यालात शब्द दोन ओळींचे. ते स्वरांत विरघळले तरी बिघडत नाही, धरायला राग असतो, लय असते, सम असते. डिलनचं उतारवयातलं गाणं बाहेरून ख्यालासारखं सैल, पण आत शब्दांनी खचाखच भरलेलं. चाल तो मोडतो आणि शब्द मी गाठू शकत नाही, मग धरायचं कशाला? त्याला मैफलीची मोकळीक हवी आहे आणि ग्रंथाचं वजनही. त्याला ते पेलतं, मला नाही. यशवंत देवांनी भावगीतासाठी 'शब्दप्रधान गायकी' असा शब्द वापरला. तो मी आजवर आपल्या मंडळींपुरता समजत होतो. कोहेन त्या घराण्यातला निघाला. शब्द पोचवणं हेच गायकाचं काम, सूर त्याच्या मागून, हे त्याने आवाज उरला नाही तेव्हाही सोडलं नाही. उलट आवाज जसजसा कमी झाला तसतसं ते जास्तच पाळलं.

डिलनवाले म्हणतील की त्याच्याही काही तबकड्यांत एकेक शब्द मोत्यासारखा आहे. खरं आहे. २०१५ ते २०१७ या काळात त्याने अमेरिकेतली जुनी, बहुतेक सिनात्राने गायलेली गाणी तीन अल्बमांत गायली, त्यातला 'ट्रिप्लिकेट' हा तीन तबकड्यांचा. तिथे तो हळुवार, सावकाश, आर्जवाने गातो, आणि त्या आवाजात इतकी मार्दवाची जागा शिल्लक असेल असं वाटलं नव्हतं. माझी अडचण एवढीच की जिथे त्याचा शब्द मला न पुसल्या हातांनी कळतो, तिथे तो शब्द दुसऱ्याचा असतो.

न्यायाने वागायचं तर कोहेनच्या नावेही दोन गोष्टी लिहायला हव्यात. पहिली म्हणजे यंत्रं. 'टेन न्यू साँग्ज' हा घरच्या स्टुडिओत, शॅरन रॉबिन्सनच्या साथीने केलेला. सगळी गाणी दोघांनी मिळून केलेली, वाद्यं बहुतेक कीबोर्डवर रचलेली. ताल ऐकला की मला क्लासच्या बाईंचं इलेक्ट्रॉनिक तबल्याचं डबडं आठवतं. धा धिं धिं धा, न थकता, न चुकता. एवढ्या वजनदार शब्दांखाली हे? पहिली दोन वर्षं मी त्या अल्बमला त्यासाठी माफ केलं नव्हतं. नंतर सवय झाली, आणि खरं सांगायचं तर आता त्या जागी खरा ढोलकिया आला तर चुकल्यासारखं होईल. तुम्हाला सवय होईलच याची हमी देत नाही. 'डिअर हेदर' तर सुरुवातीला घेऊच नका.

दुसरी गोष्ट जास्त व्यवहाराची. तुम्ही गाणी कुठे ऐकता? नळाचा आवाज वरच्या पट्टीतला, फसफसणारा. त्याच्या खालून कोहेनचा खर्ज आरामात निघून येतो. लोकलची घरघर मात्र नेमकी कोहेनच्याच पट्टीत. डोंबिवलीहून दादरपर्यंत मी कानात बोळे घालून 'पॉप्युलर प्रॉब्लेम्स' ऐकला, तर मागच्या बायकांचा कोरस तेवढा ऐकू आला. म्हातारबुवा डब्याच्या खडखडाटात विरघळून गेले होते. गाडीत, एक्स्प्रेसवेवर, तेच. इंजिन आणि कोहेन एकाच सुरात. डिलनचा आवाज वाळूच्या कागदासारखा. तो लोकलला, ट्रकला, एसटीच्या हॉर्नलाही घासून पुढे येतो. 'लव्ह अँड थेफ्ट' हा प्रवासाचा अल्बम आहे. घाटात लावावा. रोजचं ऐकणं प्रवासातच होत असेल तर माझं इथवरचं सगळं विसरा आणि बेलाशक डिलन घ्या.

पण घरी, रात्री, एकट्याने ऐकायचं असेल तर?

'यू वाँट इट डार्कर' करताना कोहेनच्या पाठीच्या मणक्यांना इजा झाली होती. घराबाहेर पडणं कठीण. लॉस एंजेलिसच्या घरात बैठकीच्या खोलीतच सामान लावलं, आजाऱ्याच्या खुर्चीत बसून तो गायला, शेजारी ॲडम. मागचा समूहस्वर मॉन्ट्रिअलच्या त्याच्या घराण्याच्या सिनेगॉगमधल्या पुरुषांचा, म्हणजे लहानपणी ज्या भिंतींत प्रार्थना ऐकली तिथलाच. अल्बम आला २१ ऑक्टोबर २०१६ला. तो गेला ७ नोव्हेंबरला. मधे सतरा दिवस. निरवानिरव म्हणतात ती अशी, सगळे हिशेब मिटवून, किल्ल्या ज्याच्या त्याच्या हाती देऊन. आपल्याकडे जुनी माणसं जायच्या आधी कपाट आवरतात, कुणाची उसनी वाटी राहिली असेल तर परत पाठवतात. त्या अल्बममध्ये ते आवरणं ऐकू येतं. आवाज इतका जवळ आहे की ओठ सुटे होतात तोही आवाज कळतो.

अल्बम आला त्याच ऑक्टोबरात डिलनला साहित्याचं नोबेल जाहीर झालं होतं. कोहेनला विचारलं तेव्हा तो म्हणाला की एव्हरेस्टला सर्वांत उंच डोंगर असल्याबद्दल पदक लावण्यासारखं आहे हे. मला त्याचं हे बोलणं फार आवडतं, कारण ते पूर्ण मनापासून आहे आणि तरी त्यात एक बारीक चिमटा आहे. डिलन समारंभाला गेला नाही. तो आवराआवरी करणाऱ्यांतला नव्हेच. कपाट उघडं टाकून पुढच्या गावाला निघणारा, आणि तेही एक जगणं आहे. मेहुण्यांना मी हे सगळं सांगितलं आणि शेवटी म्हटलं, आधी कोहेन घ्या, 'डार्कर'पासून मागे मागे जा, लंडनचा कार्यक्रम मधे कधीतरी. डिलन पुढच्या वर्षी. पटलं नाही तर माझ्या नावाने ओरडा.

मेहुणे डिलनकडे झुकणारे निघाले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अहो, हा प्रश्न गाण्याचा नाहीच. तुम्ही डिशवॉशर घ्या."

मागच्या दिवाळीत घेतला. आता रात्री हात कोरडे असतात, फोन हातात असतो, डिलनची नावं बसल्या जागी शोधता येतात. पण ते मशीन एकदा चालू झालं की दीड तास जी घरघर करतं, ती थेट कोहेनच्या खर्जात. म्हणून ते थांबेपर्यंत मी डिलन लावतो. साडेअकराच्या सुमारास पाणी निघून जाण्याचा आवाज येतो, मशीन टुकटुक करतं, आणि मग स्वयंपाकघरातला दिवा मालवून मी कोहेन लावतो.